आम्ही पाहिलेले तंजावर

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण. भगिनींच्या आग्रहावरून स्मरणिकेत देत आहोत.)



आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुम्ही तंजावरला जाऊन आलात, तर पंधरा-वीस मिनिटे त्यावर बोला." मी म्हटले, माझ्याजवळ पडद्यावर दाखवायला चित्रे नाहीत, आणि इतिहासाची मी पंडितही नाही. त्या म्हणाल्या, "पंडितांची भाषणे आम्ही ऐकतोच. तुम्ही घरातल्या माणसांना घेऊन गेलात, काय पाहिलेत, काय वाटले, तेवढेच सांगा." तेव्हा मी तेवढेच सांगणार आहे. मात्र शेवटी आपल्या मंडळाविषयी दोन शब्द बोलण्याची परवानगी मी आताच मागून ठेवते.

आपल्यापैकी पुष्कळजणी दक्षिणेची यात्रा करून आल्या आहेत. रामेश्वर, मदुरा, कन्याकुमारी हा ठरलेला रस्ता. त्यात तंजावर लागतेच, पण कसे? सकाळी दहाला बस थांबते, "एक तासात देऊळ बघून या" असे सांगतात, आणि बारा वाजता पुढचा रस्ता. आम्ही मात्र चार दिवस तंजावरलाच राहिलो. आम्ही म्हणजे हे, मी, कॉलेजात शिकणारी आमची थोरली, पाचवीतला धाकटा आणि माझ्या सासूबाई.

हा बेत खरे म्हणजे सासूबाईंचा. त्यांचे वडील शाळामास्तर होते. ते मुलांना सांगत, की मराठ्यांची एक राजधानी रायगडावर, एक साताऱ्यास, एक कोल्हापुरास, आणि एक पार तिकडे कावेरीच्या काठी. ती चौथी राजधानी पाहायची सासूबाईंच्या मनात लहानपणापासून होते. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. पट्टी सुटल्यावर त्या म्हणाल्या, "डोळे नवे करून दिलेत, आता त्यांना नवे काही दाखवा." यावर कोण काय बोलणार? जानेवारीत निघालो. मुंबईहून चेन्नई, तिथून रात्रीची गाडी, आणि पहाटे उजाडताना खिडकीबाहेर पाहावे तो दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, केळीच्या बागा आणि पाण्याचे पाट. कावेरी समुद्राला मिळण्यापूर्वी अनेक फाटे फोडते आणि त्या सगळ्या मुलखात भात पिकवते. ज्याच्या हाती हे भाताचे कोठार, त्याच्या हाती राज्य. तंजावर राजधानी का झाली याचे उत्तर गाडीच्या खिडकीतूनच मिळते.

इतिहास थोडक्यात सांगते. हजार वर्षांपूर्वी ही चोळ राजांची राजधानी होती. त्यानंतर बऱ्याच काळाने नायक राजे आले. १६७३ साली मदुरेच्या नायकाने तंजावरच्या नायकाचा पराभव केला, त्या गोंधळात विजापूरकरांनी आपला सरदार पाठवला, आणि त्या सरदाराने १६७५-७६ च्या सुमारास तंजावर स्वतःच्याच ताब्यात घेतले. हा सरदार म्हणजे व्यंकोजीराजे, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू. तेव्हापासून १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे १८० वर्षे, भोसल्यांचे राज्य तिथे नांदले.

शिवाजीमहाराज १६७७ साली कर्नाटकाच्या स्वारीवर गेले तेव्हा दोघा भावांची भेट झाली, आणि वडिलांच्या मिळकतीच्या वाटणीवरून बिनसले. घराघरांत होते तेच. पुढे तह झाला, त्यात व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांचा मोठा हात होता असे सांगतात, आणि बंगळूरकडचा मुलूख महाराजांनी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी लावून दिला. भाऊबंदकीत जोडण्याचे काम करणाऱ्या जावेला मोठ्या दिरांनी केलेला हा मान आहे. आमच्या सासूबाईंना ही गोष्ट इतकी आवडली, की प्रवासात त्यांनी ती दोनदा शेजारच्या प्रवाशांना सांगितली, आणि त्यांना मराठी येत नाही हे त्यांच्या लक्षातही आले नाही.

पहिल्या दिवशी आम्ही मोठे देऊळ पाहिले. तिथले लोक त्याला 'पेरिय कोविल', म्हणजे मोठे देऊळ, असेच म्हणतात. पुस्तकात त्याचे नाव बृहदीश्वर. राजराज चोळ याने हे शिवालय बांधले आणि १०१० साली त्याच्या शिखरावर सोन्याचा कळस चढवला. शिखर सुमारे २१६ फूट उंच आहे. सगळे बांधकाम ग्रॅनाइट दगडाचे, आणि मौज अशी की आसपास कोसन् कोस सपाट भातशेती, डोंगर औषधालासुद्धा नाही! एवढा दगड लांबून आणला, तासला, आणि एकावर एक चढवला. २०१० मध्ये या देवळाला हजार वर्षे झाली, आणि अजूनही रोज पूजा होते, शेजारपाजारच्या बायका संध्याकाळी मुलांना घेऊन अंगणात येऊन बसतात. जुने असूनही ते जिवंत आहे. १९८७ साली ते जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले.

तिथे एक गोष्ट हटकून सांगतात, की या शिखराची सावली भर दुपारी जमिनीवर पडत नाही. आमच्या धाकट्याने ती ऐकली आणि हट्ट धरला, की दुपारपर्यंत थांबायचेच. तिथे पायांत चपला चालत नाहीत, आणि उन्हाने फरशी तव्यासारखी तापते. चालण्यासाठी काथ्याच्या पट्ट्या अंथरलेल्या असतात, तेवढ्यावरून सगळ्यांनी चालायचे. बारा वाजता हा मुलगा टुणटुण उड्या मारीत देवळाला प्रदक्षिणा घालून आला आणि म्हणाला, "आई, सावली आहे! मी तिच्यात उभा राहून आलो, म्हणून तर पाय वाचले." हजार वर्षांच्या देवळाला असल्या चमत्काराची गरज नाही, असे हे म्हणाले, आणि ते मला पटले.

पण भगिनींनो, मला त्या देवळातले सर्वांत मोठे नवल शिखरावर दिसले नाही, ते दिसले भिंतीच्या पायथ्याशी. देवळाच्या जोत्यावर आणि भिंतींवर ओळीच्या ओळी तमिळ अक्षरे कोरलेली आहेत. आम्हांला त्यातले एक अक्षर कळेना. सुदैवाने तिथे एक निवृत्त शिक्षक भेटले. त्यांनी इंग्रजीत समजावून सांगितले. ते म्हणाले, हा देवळाचा जमाखर्च आहे. राजाने आज्ञा केली, की आपण जे दिले, आपल्या अक्काने जे दिले, आपल्या राण्यांनी जे दिले आणि इतरांनी जे दिले, ते सगळे दगडावर कोरून ठेवा. अक्का म्हणजे राजाची थोरली बहीण कुंदवै. लक्षात घ्या, स्वतःच्या नावानंतर राजाने पहिले नाव घेतले ते बहिणीचे! आणि मग नुसते "बहिणीने दान दिले" एवढे लिहून थांबले नाहीत. कोणती मूर्ती, कोणते दागिने, वजन किती, सगळे तपशीलवार.

त्याहून पुढची गोष्ट ऐका. देवळाच्या सेवेसाठी निरनिराळ्या गावांच्या देवळांतून ४०० नर्तकी आणून तंजावरात वसवल्या होत्या. त्यांना घरे दिली आणि दरसाल भाताचा वाटा बांधून दिला. त्या ४०० जणींची नावे भिंतीवर आहेत. अमक्या रस्त्याच्या दक्षिणेच्या ओळीतले पहिले घर, त्यात राहणारी अमकी, ती अमक्या गावच्या देवळातून आलेली. दुसरे घर, तिसरे घर, असे करीत चारशे. आमची थोरली तिथेच खाली बसली. ती म्हणाली, "आई, आपल्या पणजीचे माहेरचे नाव काय ग?" मी ह्यांच्याकडे पाहिले, ह्यांनी सासूबाईंकडे पाहिले. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंचे सासरचे नाव ठाऊक आहे. माहेरचे कोणी कधी घेतलेच नाही." आमच्या घरातल्या तीन पिढ्यांमागच्या बाईचे नाव आम्हांला सांगता येईना, आणि हजार वर्षांपूर्वीच्या चारशे बायका आपापल्या घराच्या क्रमांकासह भिंतीवर उभ्या! हा प्रश्न मी तुमच्यापुढेही ठेवते. घरी गेल्यावर विचारून पाहा.

त्यानंतर आवाराच्या पश्चिमेकडील ओवरीत गेलो. दोन दिवस सासूबाईंना कुठली पाटी वाचता येत नव्हती. दुकानाची नाही, बसची नाही, देवळाची नाही. नवे डोळे असून उपयोग काय, अशी त्यांची कुरकुर चालली होती. तिथे भिंतीपाशी त्या एकदम थांबल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. भिंतीवर देवनागरी अक्षरे, आणि भाषा मराठी! एक-दोन ओळी नव्हेत, भिंतीच्या भिंती भरून कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ साली तो कोरवून घेतला. अक्षर बारीक आहे, वळण जुने आहे, शब्द एकमेकांना चिकटून आहेत. पण शहाजी, शिवाजी, एकोजी ही नावे सासूबाईंनी शोधून शोधून वाचली. एकोजी म्हणजे आपले व्यंकोजी. आजूबाजूची तमिळ माणसे कौतुकाने पाहत उभी राहिली. एका बाईने खुणेने विचारले, तुम्हांला हे वाचता येते? सासूबाईंनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी काय वर्णू? घरापासून इतक्या लांब, चोळ राजाच्या देवळात, आपली बाराखडी आपली वाट पाहत होती.

मात्र एक सांगते. परक्याच्या देवळावर आपल्या राजांनी आपले नाव कोरले, असा गर्व करण्याजोगे ते नाही. सरफोजीराजांना ते देऊळ परके नव्हतेच. त्यांनी चोळांचा लेख पुसला नाही, आपला त्याच्या शेजारी लिहिला. त्या राज्यात मराठी, तमिळ, तेलुगू आणि संस्कृत या चारही भाषा दरबारात नांदत होत्या. शहाजीराजांनी, म्हणजे व्यंकोजींच्या मुलाने, १६९० च्या सुमारास मराठीत नाटके लिहिली. आपण मराठी नाटकाचा आरंभ १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी केला असे शिकतो, आणि रंगभूमीपुरते ते खरेही आहे. पण 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे तंजावरचे नाटक त्याच्या दीडशे वर्षे आधीचे. आज जो भरतनाट्यम् नाच आपल्या गल्लीतल्या मुली शिकतात, त्याची शिकवण्याची पद्धत बसवणारे चार बंधू, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु, हेही सरफोजीराजांच्या दरबारचे. आणि उलट बाजूने, आपल्या कीर्तनातल्या साक्या, दिंड्या आणि अभंग तिकडच्या हरिकथेत जाऊन बसले ते अजून आहेत.

दुसरा दिवस राजवाड्याचा. वाडा मूळ नायकांचा, पुढे मराठ्यांनी वाढवलेला. खरे सांगायचे तर काही भाग पाहून जीव थोडा हळहळतो. कुठे रंग उडालेला, कुठे पारव्यांची वस्ती. दरबाराच्या दिवाणखान्यातले रंगीत खांब आणि कमानी पाहून पूर्वीच्या वैभवाची कल्पना येते. तिथल्या कलादालनात चोळांच्या वेळच्या पंचधातूच्या मूर्ती आहेत, त्या पाहण्यास दोन तासही अपुरे पडतात. पण वाड्यातले खरे रत्न म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय.

या ग्रंथालयाला ज्यांनी वैभव दिले त्या सरफोजीराजांविषयी थोडे सांगितले पाहिजे. १७७७ साली जन्मले, तुळजाराजांनी दत्तक घेतले, पण लहानपणी गादी चुलत्याकडे गेली आणि मुलाचे हाल झाले. श्वार्त्झ नावाच्या जर्मन पाद्र्याने त्यांचा सांभाळ केला, शिकवण्याची व्यवस्था केली. १७९८ साली ते गादीवर आले, आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी तह करून राज्याचा कारभार काढून घेतला. राजाच्या हाती उरला किल्ला आणि शहर. एखादा खचून गेला असता किंवा ऐषआरामात बुडाला असता. सरफोजींनी पुस्तके जमवली! पोथ्या उतरवून घ्यायला पंडित ठेवले, १८२०-२२ मध्ये काशीयात्रेला गेले तेव्हा तिथूनही ग्रंथ आणले. वाड्यात छापखाना घातला, देवनागरी खिळे पाडून घेतले, आणि इसापनीतीचे मराठी भाषांतर 'बालबोधमुक्तावली' या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच छापले. छापील मराठी पुस्तकांतले हे अगदी पहिल्या काहींपैकी एक, आणि ते लहान मुलांसाठी! मराठी भाषेच्या छपाईच्या इतिहासात पुणे-मुंबईच्या आधी तंजावरचे नाव घ्यावे लागते.

ग्रंथालयाच्या संग्रहालयात आम्ही आणखी एक गोष्ट पाहिली. सरफोजीराजांना वैद्यकाचा नाद होता. 'धन्वंतरी महाल' नावाची संस्था त्यांनी काढली होती. डोळ्यांचे रोगी तिथे येत, त्यांची टिपणे ठेवली जात, आणि टिपणाबरोबर त्या रोग्याच्या डोळ्याचे रंगीत चित्र काढले जाई. मोतीबिंदूने पांढरे झालेले डोळे त्या कागदांवर जसेच्या तसे आहेत. सासूबाई काचेपाशी वाकून वाकून पाहत राहिल्या. म्हणाल्या, "माझ्याही कागदावर असाच डोळा होता ग." दोनशे वर्षांपूर्वी एका राजाने कोणा अनाम माणसाच्या दुखऱ्या डोळ्याचे चित्र जपून ठेवले, हे मनाला फार लागते.

आणि अन्नछत्रे! तंजावरकरांची रामेश्वराच्या रस्त्यावर छत्रे होती. १८०१ साली सरफोजीराजांनी इंग्रज अधिकाऱ्याला त्यांची माहिती लिहून कळवली आहे. येईल त्या जातीच्या वाटसरूला जेवण, आजाऱ्याला औषध, पोरक्या मुलांना शिक्षण. गरोदर बाई आली तर तिचे बाळंतपण छत्रात करायचे आणि नंतर तीन महिने तिला राहू द्यायचे. ओरत्तनाडूचे छत्र १८०२ साली राजांनी आपल्या सहचारिणी मुक्तांबाबाई यांच्या नावाने बांधले. आपल्या मागे आपल्या नावाने लोकांच्या मुखी अन्न पडावे, अशी त्यांची अखेरची इच्छा होती असे सांगतात. आपण मंडळातर्फे दरवर्षी दवाखान्यात जेवणाचे डबे पाठवतो. त्या कामाचे कुळ किती जुने आहे, हे मला तिथे कळले.

आता कामाक्षीबाईंविषयी. हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. १८५५ च्या ऑक्टोबरात शेवटचे राजे, दुसरे शिवाजी, पुत्र नसता वारले. कंपनी सरकारने राज्य खालसा केले. झाशीचे, नागपूरचे झाले तेच. पण इथे सरकार आणखी पुढे गेले. १८५६ च्या ऑक्टोबरात शिपाई घेऊन अधिकारी वाड्यात शिरले आणि राजाची खासगी मिळकत, दागदागिने, जमीनजुमला, सगळ्याला मोहोर ठोकली. थोरल्या राणी कामाक्षीबाई गोषातल्या बाई. त्यांनी तलवार उचलली नाही, त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीवर फिर्याद केली! जॉन ब्रूस नॉर्टन नावाच्या इंग्रज वकिलाने त्यांची बाजू मांडली, आणि कोर्टाने निकाल राणीच्या बाजूने दिला. सरकार विलायतेला प्रिव्ही कौन्सिलकडे गेले. १८५९ साली तिथे निकाल फिरला. एका राजसत्तेने केलेल्या कृत्याचा न्याय करणे कोर्टाच्या अधिकारात नाही, असे त्या न्यायाधीशांनी ठरवले. म्हणजे, अन्याय झाला की नाही हे आम्ही पाहणारच नाही! हा निकाल वकिलीच्या अभ्यासात आजही शिकवतात, असे हे म्हणाले. पण बाई हरल्या असे समजू नका. खटल्याचा बोभाटा झाला, आणि १८६२ साली खासगी मिळकत सरकारने राण्यांना परत दिली.

ग्रंथालय टिकले, आणि पुढे १९१८ साली राजघराण्याच्या वारसांनी ते लोकांच्या स्वाधीन केले. आज तिथे हजारो संस्कृत पोथ्यांबरोबर मराठी पोथ्याही आहेत, तीन हजारांच्या घरात, शिवाय मोडी कागदांची गाठोडी वेगळी. मूळ पोथ्या सर्वांना हाताळता येत नाहीत, ते योग्यच आहे. पण काचेआड मांडलेल्या पाहता येतात आणि छापलेली पुस्तके विकत मिळतात. आम्ही 'शरभेंद्रपाकशास्त्र' विचारले. हे सरफोजीराजांच्या मुदपाकखान्याचे पुस्तक.

स्वयंपाकाचा विषय निघाला म्हणून सांगते. सांबाराचा शोध तंजावरच्या मराठी वाड्यात लागला, आमसूल संपले म्हणून चिंच घातली आणि संभाजीराजांच्या नावावरून सांबार झाले, अशी गोष्ट तिकडे प्रत्येक खानावळीत ऐकू येते. गोष्ट गोड आहे, पण तिला कागदाचा आधार नाही. खरा आधार दुसऱ्या गोष्टींना आहे. दीपाबाईंच्या आश्रयाने राहिलेल्या रघुनाथ पंडिताने 'भोजनकुतूहल' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला, त्यात खाण्यापिण्याचे शास्त्र सांगितले आहे. आणि तिकडच्या तमिळ घरांत उडदाच्या पिठाची दह्यातली 'डांगर पच्चडी' अजून करतात. डांगर हा शब्द आपला.

हे डांगर आम्ही खाल्ले ते एका तंजावरी मराठी घरात. ह्यांच्या कचेरीतल्या एका स्नेह्यांनी पत्ता दिला होता. त्या घरच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. नऊवारी लुगडे, केसांत मोगरा. त्यांचे मराठी ऐकताना जुनी पोथी कोणी वाचून दाखवीत आहे असे वाटे, आणि मध्येच तमिळ शब्द येई. त्यांच्या घराण्याला महाराष्ट्र सोडून दहा-बारा पिढ्या झाल्या. देवनागरी त्यांना वाचता येत नाही. आरत्या पाठ आहेत, पण वहीत लिहिल्या आहेत तमिळ अक्षरांत! सासूबाई आणि त्या दोघी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून दोन तास बोलल्या. निघताना आजींनी सासूबाईंची ओटी भरली आणि म्हणाल्या, "आमची नातवंडे परदेशी. बोललेले कळते त्यांना, बोलत नाहीत. माझ्यानंतर या घरी मराठी कोण बोलेल?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. परतीच्या वाटेवर थोरली गप्प होती. रात्री ती आजीजवळ वही घेऊन बसली आणि म्हणाली, "तुला येतात तेवढ्या ओव्या सांग, मी लिहिते." त्या वहीची आता बावीस पाने भरली आहेत.

उरलेले दोन दिवस दारासुरम्, गंगैकोंडचोळपुरम् ही चोळांची दुसरी दोन मोठी देवळे आणि तिरुवैयारु येथील त्यागराजांची समाधी पाहण्यात गेले. ते सविस्तर सांगत बसत नाही. ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडी व्यवहाराची माहिती देते. तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस असतो, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत जावे. देऊळ सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पाहावे, दुपारी गाभारा बंद असतो आणि फरशी तापते. वडील माणसांसाठी जाड मोजे न्यावेत. मान डोलावणारी बाहुली मुलांसाठी जरूर घ्यावी, स्वस्त असते. सोन्याचा वर्ख लावलेली तंजावरी चित्रे महाग असतात आणि खरी-खोटी पारखणे आपले काम नव्हे, म्हणून ती माहितगाराशिवाय घेऊ नयेत.

आता शेवटचे, आणि ज्यासाठी मी परवानगी मागितली होती ते. आपल्या मंडळाच्या खोलीची दुरुस्ती निघाली आहे. जागा मोकळी करण्यासाठी कोपऱ्यातले जुने लाकडी कपाट आणि त्यातल्या वह्या रद्दीत द्याव्यात, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. सूचना करणाऱ्या भगिनींचा हेतू चांगला आहे. वाळवी लागलेल्या वह्या कोण ठेवील? पण गेल्या आठवड्यात किल्ली मागून मी ते कपाट उघडले. पहिल्या वर्षाच्या वर्गणीची वही त्यात आहे. कोणी एक रुपया दिला, कोणी आठ आणे. एकीने पैसे नाहीत म्हणून बसायला सतरंजी दिली, तीही लिहिली आहे. शिवणवर्गाला पहिले यंत्र मिळाले त्या पानावर मात्र नुसते "एका हितचिंतक भगिनीकडून" एवढेच आहे. ती भगिनी कोण, हे सांगू शकतील अशा दोघी-तिघीच आता आपल्यात आहेत, आणि त्यांचीही वये झाली.

राजराजाने आपल्या बहिणीचे दान कोरले ते दगडावर. आपल्याजवळ दगड नाही, टाकी नाही. पण वही आहे, पेन आहे, आणि आपल्या मुलींच्या हातांत फोटो काढणारी यंत्रे आहेत. माझी सूचना अशी आहे, की कपाट द्यावयाचे तर खुशाल द्या, पण वह्या देऊ नका. पानन् पान उतरवून घ्या. प्रत्येक भगिनीचे स्वतःचे नाव, माहेरचे नाव आणि तिने मंडळासाठी केलेले काम, अशी एक नवी वही घाला. आठवड्यातून एक दुपार या कामासाठी मी देईन. आमच्या सासूबाईही येतील. जुने अक्षर लावायला त्यांचे नवे डोळे उत्तम आहेत, हे तंजावरात सिद्ध झालेच आहे. आणखी चारजणी मिळाल्या तर पुढच्या वर्धापनदिनापर्यंत काम पुरे होईल. ज्यांना यायचे असेल त्यांनी आज सभा संपल्यावर चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. सासरचे आणि माहेरचे, दोन्ही.